अमेरिकेत मुलांच्या ब्रेसेसचे पैसे एचएसएतून भरताना

ऑर्थोडॉन्टिस्टच्या, म्हणजे तारा लावून दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांच्या, दवाखान्यात एक छोटी काचेची खोली असते. डॉक्टर तोंड तपासतात, एक्स-रे दाखवतात, वरचा जबडा अरुंद आहे वगैरे सांगतात आणि निघून जातात. मग तुम्हाला त्या खोलीत बसवलं जातं. समोर ट्रीटमेंट कोऑर्डिनेटर, अतिशय गोड बोलणारी, आणि टेबलावर एकच कागद. आमच्या कागदावर सगळ्यात वर ६,४०० डॉलर, त्याखाली इन्शुरन्सचे वजा १,५००, आणि तळाशी पिवळ्या हायलायटरने रंगवलेले ४,९००. लेक तोवर बाहेर रबरांचे रंग निवडत होती. "एचएसए कार्ड आहे ना? मग आत्ताच करून टाकू," बाई म्हणाल्या, आणि मी पर्समधून कार्ड काढून दिलं. एचएसए म्हणजे हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट, वैद्यकीय खर्चासाठी टॅक्स न भरता पैसे साठवायचं खातं.

कार्ड चाललं नाही. खात्यात २,१०० डॉलर होते. वर्षभराची ठरवलेली रक्कम जानेवारीतच वापरायला मिळते असं मी धरून चालले होते, कारण आधीच्या नोकरीत आमच्याकडे एफएसए (कंपनीमार्फत चालणारं तसंच, पण वर्षापुरतं खातं) होता आणि तिथे तसं असतं. एचएसएत तसं नसतं. जेवढे साठले तेवढेच काढता येतात. त्या खोलीत चेहरा पडला खरा, पण बरंच झालं. त्या दिवशी सप्टेंबर २०२३ होता, आणि डॉक्टर म्हणाले की जानेवारीत सुरू केलं तरी काही बिघडत नाही. हे मधले तीन महिने आमच्या फार कामी आले.

ब्रेसेस म्हणजे अपेंडिक्स नव्हे, रात्री दोन वाजता कुणाला लागत नाहीत. इथल्या ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना मुलाला सातव्या वर्षी एकदा दाखवून घ्या म्हणते. बहुतेक मुलांना प्रत्यक्ष तारा लागतात त्या अकरा ते चौदाच्या दरम्यान. म्हणजे खर्च येणार हे तुम्हाला वर्ष-दोन वर्षं आधी कळलेलं असतं. एचएसएचा खरा फायदा या आधी कळण्यातच आहे. ज्याने नोव्हेंबरात आकडेमोड केली त्याला तो पूर्ण मिळतो, आणि दवाखान्यात बसून कार्ड काढणाऱ्याला अर्धामुर्धा.

ब्रेसेस चालतात का?

चालतात. आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याच्या, ५०२ क्रमांकाच्या पुस्तिकेत, दातांच्या उपचारांखाली, ब्रेसेसचं नाव सरळ छापलेलं आहे. वयाची अट नाही. लहानाला लावा नाहीतर पंचेचाळिसाव्या वर्षी स्वतःला. तारांच्या जागी डॉक्टरांनी दिलेले पारदर्शक अलाइनर घेतले तरी तेच. उपचारासाठी दात काढावा लागला, एक्स-रे काढले, शेवटी दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर केला, सगळं बसतं. दात पांढरे करून घेणं बसत नाही, हेही त्याच पुस्तिकेत स्पष्ट आहे. टूथपेस्ट आणि ब्रश हेही नाही. तारा निघाल्याच्या दिवशी दवाखाना अनेकदा व्हाइटनिंगचं पॅकेज पुढे करतो. ते वेगळ्या कार्डावर घ्या.

कुठलाही खर्च एचएसएतून केला आणि तो नियमात बसला नाही, तर त्या रकमेवर नेहमीचा इन्कम टॅक्स आणि वर २० टक्के दंड. दंड वयाच्या ६५ नंतर जातो, टॅक्स राहतो. कार्ड स्वाइप करताना मात्र कोणी अडवत नाही. जबाबदारी तुमची, आणि पुरावा मागितला तर तोही तुमच्याकडूनच.

नोव्हेंबर: एनरोलमेंटचा पंधरवडा

पुढच्या वर्षाचा विमा आणि पगारातल्या कपाती ऑफिसात याच पंधरवड्यात निवडायच्या असतात. सगळं इथे ठरतं, म्हणून इथे जरा रेंगाळते.

एचएसएत पैसे घालायचे तर तुमचा आरोग्य विमा मोठ्या डिडक्टिबलचा, म्हणजे एचडीएचपी, असायला हवा. डिडक्टिबल म्हणजे विमा पैसे देऊ लागण्याआधी तुम्ही स्वतः भरायची रक्कम. २०२६ साठी कुटुंबाच्या प्लॅनचं डिडक्टिबल किमान ३,४०० डॉलर आणि एकट्याचं १,७०० असलं पाहिजे. पण आकडा जुळला म्हणून प्लॅन पात्र ठरतोच असं नाही. एचआरच्या पोर्टलवर प्लॅनच्या नावापुढे 'एचएसए एलिजिबल' लिहिलेलं शोधा. नोकरीतून विमा नसेल आणि सरकारी बाजारातून घेत असाल, तर जानेवारी २०२६ पासून तिथले ब्राँझ आणि कॅटॅस्ट्रॉफिक प्लॅनही एचएसएसाठी चालतात. आधी त्यातले बरेच चालत नव्हते. व्हिसाचा संबंध नाही. एच-वनवर असा, ग्रीन कार्डवर असा, अट विम्याची आहे.

फक्त ब्रेसेससाठी एचडीएचपी घ्यावा का? घरात कुणाला दमा आहे, महिन्याला स्पेशालिस्टकडे चकरा आहेत, महागडी औषधं चालू आहेत, तर माझं मत नको. टॅक्समध्ये हजार-दीड हजार वाचवायला जाल आणि डिडक्टिबलमध्ये तीन हजार घालाल. घर साधारण निरोगी असेल आणि कंपनी एचएसएत स्वतःचे काही पैसे टाकत असेल, तर गोष्ट वेगळी.

आता तो सापळा, ज्यात आमच्या ओळखीतली दोन घरं अडकली. नवऱ्याकडे एचडीएचपी आणि एचएसए. बायकोच्या ऑफिसात साधा हेल्थकेअर एफएसए, तो तिने सवयीने चालू ठेवलेला. साधा एफएसए जोडीदाराचे खर्चही भरतो, म्हणून तो नवऱ्याचा दुसरा विमा समजला जातो आणि नवरा एचएसएत पैसे घालायला अपात्र ठरतो. दोघांची पोर्टलं वेगळी, दोघांची एचआर वेगळी, त्यामुळे हे कुणाच्याच लक्षात येत नाही. येतं ते मार्चमध्ये, टॅक्स भरताना. तेव्हा एनरोलमेंटच्या आठवड्यात दोघांचे लॅपटॉप एकाच डायनिंग टेबलावर उघडा.

साध्या एफएसएऐवजी चालतो तो 'लिमिटेड पर्पज' एफएसए. तो फक्त दात आणि डोळ्यांचे खर्च भरतो, म्हणून एचएसएच्या आड येत नाही. आणि ब्रेसेसच्या बाबतीत त्याची एक खुबी आहे. एचएसएत साठलेलेच पैसे मिळतात, पण एफएसएत वर्षासाठी ठरवलेली सगळी रक्कम पहिल्या दिवसापासून हाताशी असते, पगारातून कापली वर्षभर जात असली तरी. म्हणजे जानेवारीतलं डाउन पेमेंट त्यातून भरता येतं. दोष एवढाच की वर्षाअखेर उरलं ते बुडतं. कंपनीने मुभा दिली असेल तर थोडं पुढे नेता येतं, २०२६ मधून पुढे जास्तीत जास्त ६८० डॉलर, किंवा अडीच महिने जास्तीचे मिळतात. दोन्हीपैकी एकच सवलत असते, आणि कित्येक ठिकाणी एकही नसते. म्हणून यात खात्रीचा खर्च तेवढाच घालावा.

एचएसएत किती घालता येतात? कुटुंबाच्या प्लॅनवर २०२५ साठी ८,५५० आणि २०२६ साठी ८,७५० डॉलर. एकट्यासाठी ४,३०० आणि ४,४००. पंचावन्न पूर्ण झालेल्याला १,००० जास्त. कंपनी जे टाकते ते या मर्यादेतच मोजलं जातं. नवरा-बायको दोघांची खाती असली तरी कुटुंबाची मर्यादा दोघांत मिळून एकच.

पैसे पगारातून कापून जाऊ द्या. बँकेतून स्वतः भरले तरी इन्कम टॅक्सची सूट मिळते, पण सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्के पगारातून कापले तरच वाचतात. आमचंच गणित: इन्कम टॅक्सची २२ टक्क्यांची पायरी आणि हे ७.६५, मिळून २९.६५ टक्के. ४,९०० डॉलरवर साधारण १,४५० वाचले. तेच पैसे बँकेतून भरले असते तर त्यातले ३७५ गेले असते.

एडिसन आणि बे एरियातल्या मंडळींसाठी कडू गोळी: न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया ही दोन राज्यं एचएसए मानतच नाहीत. फेडरलची सूट मिळते, राज्याची नाही. खात्यात जमलेलं व्याज, डिव्हिडंड यांवरही राज्य टॅक्स घेतं. आपली बरीच मराठी मंडळी याच दोन राज्यांत, आणि इंटरनेटवरचे हिशेब बहुतेक राज्याचा टॅक्स वाचला असं धरून केलेले असतात.

आणि खातं उघडायला उशीर करू नका. खातं सुरू होण्यापूर्वी झालेला खर्च एचएसएतून कधीच भरून घेता येत नाही. विमा एक जानेवारीला सुरू झाला, खातं आळसाने मार्चमध्ये उघडलं, तर मधले दोन हप्ते गेले. थोडे पैसे घालून का होईना, जानेवारीतच उघडून ठेवा.

डेंटल इन्शुरन्सला आधी विचारा

डेंटल विमा एचएसएच्या आड येत नाही, तो खुशाल ठेवा. पण ब्रेसेसचा भाग नीट वाचा. तिथे बहुतेक 'लाइफटाइम मॅक्सिमम' असतं: ५० टक्के देऊ, पण आयुष्यात मिळून अमुक इतकेच. बऱ्याच प्लॅनमध्ये हा आकडा १,००० ते २,००० च्या आसपास असतो. वर्ष बदललं म्हणून तो पुन्हा भरत नाही. काही प्लॅन १९ वर्षांपर्यंतच देतात, काहींना वर्षभराचा वेटिंग पीरियड असतो. दवाखान्याला सांगून विमा कंपनीकडून लेखी अंदाज आधी मागवा. मोठ्या होत आलेल्या मुलांच्या पूर्ण उपचाराचा कोड डी ८०८०, तो त्या कागदावर दिसला पाहिजे.

हे पैसे विमा कंपनी एकदम देत नाही. थोडे सुरुवातीला, बाकीचे उपचार चालतील तसे. मधेच नोकरी बदलली आणि विमा गेला, तर उरलेले हप्ते जुनी कंपनी देत नाही आणि दवाखाना ती रक्कम तुमच्या नावावर टाकतो. प्रोजेक्ट संपला की नोकरी बदलणाऱ्या आपल्या लोकांना हे फार लागू आहे. नवीन कंपनीचा डेंटल प्लॅन अर्धवट चालू असलेले उपचार घेतो का, हे ऑफर स्वीकारण्याआधी विचारून घ्या. एचएसएची तशी चिंता नाही. ते खातं तुमचं आहे, कंपनीचं नाही. नव्या नोकरीत एचडीएचपी नसेल तर नवे पैसे घालता येणार नाहीत, पण आहेत ते काढता येतात.

दुसरी एक गल्लत बरेच जण करतात. ब्रेसेसवर घातलेले पैसे आरोग्य विम्याच्या डिडक्टिबलमध्ये मोजले जात नाहीत. म्हणजे एचएसए ब्रेसेसवर रिकामा केला आणि फेब्रुवारीत पोरगा स्केटबोर्डवरून पडला, तर ते तीन-चार हजारांचं डिडक्टिबल अख्खंच्या अख्खं उभं असतं. आमचे ते आधीचे २,१०० मी याचसाठी शिवले नाहीत.

तो पिवळा कागद

करारावर सही करण्याआधी तो घरी आणा. दवाखाने देतात, फक्त मागावा लागतो. त्यात पाहायचं ते हे. हप्ते किती महिन्यांचे आणि उपचार किती महिन्यांचे, दोन्ही साधारण जुळतात का. ब्रॅकेट तुटला तर वेगळे पैसे का. रिटेनर धरलेत का, धरलेत तर किती. मधेच दुसऱ्या गावी गेलात तर परतावा कसा काढणार. हप्ते दवाखान्याचे स्वतःचे बिनव्याजी आहेत, की मागे एखादी फायनान्स कंपनी आहे. व्याज हा वैद्यकीय खर्च नाही, त्यामुळे ते एचएसएतून चालत नाही. उशिराचा दंडही चालत नाही, अपॉइंटमेंट चुकवल्याची फीही चालत नाही.

एकदम भरले तर तीन ते पाच टक्के सूट देणारे दवाखाने बरेच आहेत. ४,९०० वर पाच टक्के म्हणजे २४५ डॉलर, सोडायचे कशाला? पण इथे जरा जपून. आयआरएसच्या लेखी खर्च 'होतो' तो उपचार मिळतो तेव्हा, बिल भरता तेव्हा नव्हे. एफएसएच्या नियमांत ऑर्थोच्या आगाऊ रकमेसाठी खास सवलत आहे. एचएसएसाठी तशी लिहिलेली नाही. दोन वर्षांचे पैसे पहिल्याच दिवशी एचएसएतून उचलण्यापेक्षा मला दुसरा रस्ता बरा वाटतो. सूट हवी तर पैसे आपल्या बचतीतून एकदम भरा, आणि उपचार पुढे सरकतील तसे महिन्याच्या महिन्याला एचएसएतून स्वतःला परत करून घ्या. परत घ्यायला मुदत नाही. खर्च खातं उघडल्यानंतरचा असला, दुसरीकडून भरपाई मिळालेली नसली आणि पावती जपलेली असली, की पाच वर्षांनीही काढता येतात.

याच नियमावर काही हुशार लोक वेगळा खेळ खेळतात. सगळा खर्च खिशातून करतात, एचएसएचे पैसे फंडात गुंतवून वाढू देतात, आणि पावत्या फाइलला लावून ठेवतात. ज्यांच्याकडे रोकड आहे त्यांनी जरूर करावं. क्रेडिट कार्डावर वीस-बावीस टक्के व्याज भरत एचएसए वाढवायला निघालेले मात्र मी पाहिलेत, आणि त्यांना काय सांगणार?

आम्ही कसं वाटलं

आमच्यावर येणारे ४,९००. डाउन पेमेंट १,००० जानेवारी २०२४ मध्ये, आणि पुढे १९५ चे वीस हप्ते, फेब्रुवारीपासून.

नवऱ्याच्या ऑफिसात लिमिटेड पर्पज एफएसए होता. त्यात बरोबर १,००० ठेवले, एक डॉलर जास्त नाही. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तारा लागल्या आणि एफएसए त्याच दिवशी संपला, बुडायची भीती गेली. उरलेले हप्ते एचएसएतून. २०२४ मध्ये अकरा हप्ते, म्हणजे २,१४५. २०२५ मध्ये नऊ, म्हणजे १,७५५. नवऱ्याला पगार दर पंधरा दिवसांनी. पहिल्या वर्षी या एका खर्चासाठी दर पगारातून साधारण ९० डॉलर जास्त कापायला सांगितले, दुसऱ्या वर्षी सत्तरच्या आतबाहेर. घरात ते जाणवलंसुद्धा नाही. ४,९०० एकदम जाणवले असते.

डिसेंबरात सुरू होणारा उपचार जानेवारीत ढकलला तर फायदा होतो तो हा. पण डॉक्टर थांबू नका म्हणाले, जबडा वाढत असतानाच काम व्हायला हवं म्हणाले, तर टॅक्ससाठी थांबायचं नाही. अशा वेळी डाउन पेमेंट कमी करून हप्ते वाढवून मागा. दवाखाने ऐकतात. चालू वर्षाचे एचएसएचे पैसे पुढच्या वर्षी टॅक्स भरायच्या तारखेपर्यंत, म्हणजे १५ एप्रिलपर्यंत घालता येतात. फक्त ते बँकेतून जातात, त्यामुळे ७.६५ टक्क्यांवर पाणी.

पावत्या

आमच्या फडताळात श्रीखंडाचा रिकामा डबा आहे, त्यात दोन वर्षांच्या पावत्या आहेत. मोबाइलमध्ये फोटोही आहेत. दवाखान्यातून मिळते ती कार्डाची चिटोरी पुरत नाही. पावतीवर रुग्णाचं नाव, दवाखान्याचं नाव, तारीख, काय केलं आणि तुम्ही किती दिले, एवढं हवं. 'आयटेमाइज्ड स्टेटमेंट द्या' म्हटलं की छापून देतात. करार आणि विमा कंपनीचं पत्रही त्यातच ठेवा, कारण विम्याने किती भरले आणि तुम्ही किती हे त्या दोन्हींवरून कळतं. विम्याने भरलेला भाग एचएसएतून काढता येत नाही. एफएसएतून भरलेला तोच हप्ता एचएसएतूनही काढता येत नाही.

विमा कंपनीचे पैसे नंतर आले आणि तुम्ही एचएसएतून जास्त भरून बसलात, तर जास्तीचे परत खात्यात घाला. खातं सांभाळणाऱ्या कंपनीकडे चुकून काढलेल्या रकमेचा वेगळा फॉर्म असतो. आधी तो मागा, साध्या डिपॉझिटसारखे घातलेत तर ते त्या वर्षाच्या मर्यादेत मोजले जातील.

जाण्यायेण्याचे मैलही चालतात. उपचारासाठी गाडी नेली तर २०२४ आणि २०२५ साठी मैलाला २१ सेंट, वर पार्किंग आणि टोल. आमचा दवाखाना सात मैलांवर, बावीस चकरा, म्हणजे पासष्टएक डॉलर. मी काढले नाहीत. कंटाळा.

टॅक्सच्या वेळी

पगारातून गेलेले एचएसएचे पैसे डब्ल्यू-२ वर, म्हणजे कंपनीकडून मिळणाऱ्या वर्षाच्या पगारपत्रकावर, बारा नंबरच्या चौकटीत डब्ल्यू या अक्षरापुढे दिसतात. तो आकडा तुम्ही कापायला सांगितलेले आणि कंपनीने टाकलेले मिळून असतो. तो पाहून 'हे तर मी भरलेच नव्हते' म्हणत बरेच जण तीच रक्कम पुन्हा वजा करतात. तसं करू नका. काढलेल्या पैशांचा १०९९-एसए हा फॉर्म जानेवारीच्या शेवटी येतो. दोन्ही घेऊन फॉर्म ८८८९ भरायचा. सगळा खर्च ब्रेसेसचा असेल तर करपात्र रक्कम शून्य येते. हा फॉर्म राहून गेला तर काढलेली सगळी रक्कम उत्पन्नात धरल्याची नोटीस आयआरएसकडून येऊ शकते. पावत्या रिटर्नला जोडायच्या नसतात.

कुणाचे दात, कुठले दात

तुमच्या टॅक्स रिटर्नवर असलेली मुलं आणि जोडीदार यांचा खर्च एचएसएतून चालतो, ते तुमच्या एचडीएचपीत नसले तरी. मुलगा जोडीदाराच्या विम्यावर असला तरी अडत नाही. घटस्फोट झाला असेल तर मूल कुणाच्या रिटर्नवर आहे याला इथे महत्त्व नाही, आई-वडील दोघंही आपापल्या एचएसएतून भरू शकतात. गोंधळ होतो मोठ्या मुलांचा. तेवीस वर्षांची, नोकरीला लागलेली मुलगी सव्वीसपर्यंत तुमच्या आरोग्य विम्यात राहू शकते, पण तुमच्या रिटर्नवर नसेल तर तिचे अलाइनर तुमच्या एचएसएतून नाहीत. तिने स्वतःचं खातं उघडावं. कुटुंबाच्या एचडीएचपीत असल्यामुळे तिला कुटुंबाच्या मर्यादेपर्यंत पैसे घालता येतात, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांची कवळी एचएसएतून चालत नाही. भारतात राहणारे आई-वडील इथल्या रिटर्नवर अवलंबित म्हणून दाखवता येत नाहीत, त्यामुळे त्यांचा दातांचा खर्चही नाही.

आणि आता सगळ्यांच्या घरी होणारा तो फोन. ६,४०० चा आकडा ऐकून माझी आई सांगलीहून म्हणाली, "अगं, इथं घेऊन ये तिला सुट्टीत. आपल्या गल्लीतला डॉक्टर त्यातल्या चौथाईत करून देईल." पैशांचं तिचं खरं आहे. एचएसएचा नियमही आड येत नाही. भारतातल्या दातांच्या डॉक्टरांची पावती चालते, रुपयांचे त्या दिवशीच्या दराने डॉलर करायचे. विमानाचं तिकीट मात्र विसरा, आजीला भेटायला गेलात हे आयआरएसलाही कळतं. अडचण दाताची आहे. तारा दर चार ते आठ आठवड्यांनी आवळाव्या लागतात, दीड-दोन वर्षं. सुट्टी दोन महिन्यांची. आणि मधेच घेतलेली केस पुढे चालवायला इथला डॉक्टर सहसा राजी होत नाही, झाला तर नव्याने पैसे लावतो. रूट कॅनाल, कॅप यांसाठी लोक सांगली-पुण्याला जातात ते पटतं. ब्रेसेससाठी नाही. आईला मी एवढंच म्हटलं, "अगं, दर महिन्याला विमानाने आणू का तिला?" ती म्हणाली, "आण की."

सप्टेंबर २०२५ मध्ये शेवटचा हप्ता गेला, त्याच महिन्यात तारा निघाल्या. लेक दिवसभर जिभेने दात चाचपत होती. डिसेंबरात शाळेच्या कॅफेटेरियात तिने रिटेनर कागदी नॅपकिनात गुंडाळून ट्रेवर ठेवला आणि ट्रे कचऱ्यात रिकामा केला. नव्याचे २५० डॉलर. करारात एकच सेट धरला होता. एचएसए कार्ड दिलं, या वेळी ते चाललं, आणि पावती श्रीखंडाच्या डब्यात टाकली.